२०२६ मध्ये आई-बाबांच्या औषधांना किती पैसे लागतील: मेडिकेअरचा नवा हिशोब

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला, मुख्यतः ६५च्या पुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्याचा औषधांचा प्लान, म्हणजे पार्ट डी, ज्यांच्याकडे आहे त्यांना २०२६ साली औषधांसाठी वर्षभरात २,१०० डॉलरच्या वर खिशातून द्यावे लागत नाहीत. २०२३ पर्यंत अशी काही मर्यादाच नव्हती. खर्च कितीही चढला तरी पाच टक्के पेशंटच्याच माथी असायचे, आणि कॅन्सरच्या एखाद्या गोळीचे पाच टक्के म्हणजे महिन्याला सातशे डॉलरच्या वर. १६ ऑगस्ट २०२२ला सही झालेल्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने हे बदललं. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आई-बाबांचं मेडिकेअर मुलगा, सून, लेक किंवा जावईच सांभाळतात. म्हणून हा कायदा नेमके कुठे पैसे वाचवतो आणि कुठे नाही, हे आकड्यांनिशी बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पार्ट डी आणणारा कायदा डिसेंबर २००३चा, आणि प्लान सुरू झाले १ जानेवारी २००६ला. औषध कंपन्या आणि विमा कंपन्यांच्या किमतीच्या बोलण्यांत सरकारने पडायचं नाही, असं कलमच त्या कायद्यात घातलं होतं. माजी सैनिकांचं खातं घासाघीस करून औषधं स्वस्तात घ्यायचं, आणि त्याहून कितीतरी मोठ्या मेडिकेअरचे मात्र हात बांधलेले. हा उघड अन्याय होता आणि त्याचे पैसे म्हातारी माणसं भरत होती. तो दूर करायलाही सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत लागलं.

आता मेडिकेअर घासाघीस करतं, पण सगळ्या औषधांसाठी नाही. ज्यांना जेनेरिकची स्पर्धा नाही आणि ज्यांच्यावर मेडिकेअरचा सर्वांत जास्त पैसा जातो, अशीच औषधं निवडली जातात. त्यातही गोळी असेल तर मंजुरीला किमान सात वर्षं आणि बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध, असेल तर अकरा वर्षं झालेली हवीत. पहिल्या दहा औषधांचे नवे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. महिन्याभराच्या औषधाचे आकडे असे: जानुव्हिया ५२७ डॉलरवरून ११३, एलिक्विस ५२१ वरून २३१, जार्डियन्स ५७३ वरून १९७, एन्ट्रेस्टो ६२८ वरून २९५. मधुमेह आणि हृदयविकार आपल्या घरांत किती आहे ते सांगायला नको, त्यामुळे ही नावं बऱ्याच जणांच्या गोळ्यांच्या डब्यात सापडतील.

मात्र भाव उतरला म्हणजे काउंटरवर तेवढेच पैसे कमी होतील असं नाही. तिथे किती द्यायचे हे प्लानच्या रचनेवर ठरतं. २०२६च्या ठरावीक रचनेत पहिले ६१५ डॉलर डिडक्टिबल, म्हणजे पूर्ण आपले. त्यानंतर औषधाच्या किमतीच्या २५ टक्के आपले. आपल्या खिशातून एकूण २,१०० गेले की वर्षअखेरपर्यंत शून्य. डिडक्टिबल या २,१०० मध्ये धरलं जातं, प्लानचा मासिक हप्ता धरला जात नाही.

समजा बाबांना एलिक्विस आणि जार्डियन्स दोन्ही चालू आहेत. नव्या भावाने महिन्याचे ४२८ डॉलर होतात. जानेवारीत ते सगळे आपलेच. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे उरलेले १८७ आणि बाकीच्या २४१ चे २५ टक्के, मिळून साधारण २४७. मार्चपासून दर महिन्याला १०७. वर्षाचे झाले साधारण १,७४५, म्हणजे मर्यादेला हातही लागला नाही. जुन्या भावाने हीच दोन औषधं महिन्याला १,०९४ ला पडली असती आणि उन्हाळा सरायच्या आतच मर्यादा गाठली असती. बरेच प्लान ब्रँडच्या औषधांना टक्केवारीऐवजी कोपे, म्हणजे दर वेळी एक ठरावीक रक्कम, लावतात, त्यामुळे तुमचा आकडा थोडा वेगळा येईल.

महागड्या औषधाचं गणित निराळं. इम्ब्रुव्हिका ही कॅन्सरची गोळी नव्या भावानेही महिन्याला ९,३१९ डॉलरची आहे. अशा पेशंटचे २,१०० डॉलर एकट्या जानेवारीत, एकाच पावतीवर जातात. याच कायद्यात त्यावर उपाय आहे आणि तो फार थोड्या लोकांना ठाऊक असतो: मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लान. यात काउंटरवर काहीच द्यावं लागत नाही, प्लान दर महिन्याला बिल पाठवतो. जानेवारीपासून घेतला तर पहिलं बिल जास्तीत जास्त २,१०० भागिले १२, म्हणजे १७५ डॉलर. व्याज नाही. पण नाव फार्मसीत नोंदवता येत नाही, त्यासाठी प्लानला फोन करायचा किंवा त्यांच्या वेबसाइटवरून अर्ज भरायचा, आणि शक्यतो औषध उचलण्याआधी. नोव्हेंबरमध्ये नाव घालून उपयोग नाही, कारण तेव्हाचा खर्च विभागायला दोनच महिने उरतात. आणि यातून एक पैसाही वाचत नाही, फक्त तो वर्षभरात पसरतो.

इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आहे आणि तिथे डिडक्टिबल लागत नाही. ही मर्यादा प्रत्येक इन्सुलिनला वेगळी: रात्रीचं लाँग-अ‍ॅक्टिंग आणि जेवणाआधीचं असं दोन्ही असेल तर ७० पर्यंत. सुया आणि सिरिंज यात येत नाहीत. नागिणीची लस पार्ट डीमध्ये आता फुकट आहे, पण ती फार्मसीत घ्या. पार्ट डीचं बिल करायची सोय बऱ्याच दवाखान्यांत नसते, मग आधी पैसे भरून नंतर ते मागत बसावं लागतं.

आता घोळ कुठे होतो ते. सर्वांत मोठा घोळ यादीचा. २,१०० ची मर्यादा फक्त प्लानच्या फॉर्म्युलरीतल्या, म्हणजे प्लान ज्यांचे पैसे देतो त्या यादीतल्या औषधांना आहे. यादीबाहेरचं औषध घेतलं तर पूर्ण पैसे आपले आणि त्यातला एक डॉलरही मर्यादेत मोजला जात नाही. भाव ठरलेली औषधं प्रत्येक प्लानला यादीत ठेवावीच लागतात, बाकीची दरवर्षी आत-बाहेर होतात. औषध यादीतून गेलं तर डॉक्टरांकडून कारणासह पत्र घेऊन प्लानकडे एक्सेप्शन, म्हणजे अपवाद म्हणून मंजुरी, मागा. डॉक्टरांचं पत्र पोचल्यावर ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, तातडीचं असेल तर २४ तासांत. तोपर्यंत नव्या वर्षाच्या पहिल्या ९० दिवसांत एक महिन्याचं तात्पुरतं औषध मिळू शकतं, ते आवर्जून मागा.

दुसरा घोळ कूपनचा. डिस्काउंट कार्डावर घेतलेलं औषध प्लानमधून जात नाही, त्यामुळे ते मर्यादेत आपोआप मोजलं जात नाही. साध्या जेनेरिकला कार्ड परवडतं. ज्यांचा खर्च २,१०० ला भिडणार आहे त्यांनी सगळं प्लानमधूनच घ्यावं. पुण्याहून किंवा ठाण्याहून आणलेल्या औषधांचंही तेच, मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही आणि मोजतही नाही.

यातूनच तिसरा, जन्मभर पुरणारा घोळ होतो. ‘औषधं तिकडून येतात, मग पार्ट डी कशाला’ असं म्हणून कित्येक घरं तो घेतच नाहीत. पात्र झाल्यावर वेळेत घेतला नाही आणि तोडीचं दुसरं कव्हर नसेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला एक टक्का दंड लागतो. २०२६ला तो ३८.९९ डॉलरच्या राष्ट्रीय हप्त्यावर मोजतात. दोन वर्षं उशीर म्हणजे महिन्याला साधारण ९.४० डॉलर जास्त, प्लान असेपर्यंत. एकही गोळी चालू नसली तरी कमी हप्त्याचा प्लान घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांनी इथे नोकरी केलेली नसते. त्यांना वयाची ६५ वर्षं आणि सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य पूर्ण झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. पार्ट डीसाठी पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) किंवा पार्ट बी (डॉक्टर आणि तपासण्यांचा विमा) यांपैकी एक पुरतं. २०२६ला पार्ट बीचा हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही.

उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्पचा, म्हणजे पार्ट डीच्या खर्चासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज सोशल सिक्युरिटीकडे जरूर करा. याच कायद्याने २०२४ पासून दारिद्र्यरेषेच्या दीडपट उत्पन्नापर्यंत पूर्ण मदत दिली आहे. ब्रँडच्या औषधाला २०२६ला जास्तीत जास्त १२.६५ डॉलर आणि डिडक्टिबल शून्य. बचतीलाही मर्यादा आहे, पण राहतं घर त्यात धरत नाहीत. उत्पन्न अर्जदार आणि नवरा-बायकोचंच बघतात. मुलाचा पगार मोठा आहे म्हणून अर्जच न करणारी घरं हकनाक पैसे भरत राहतात.

जानेवारी २०२७ला आणखी पंधरा औषधांचे भाव उतरतील. त्यात ओझेम्पिक २७४ डॉलरला येईल, आणि जानुमेट ५२६ वरून ८० वर. भाव बदलले की प्लानही हप्ते, कोपे आणि यादी बदलतात. म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरच्या दरम्यान मेडिकेअरच्या वेबसाइटवरच्या प्लान फाइंडरवर प्रत्येक गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि महिन्याची संख्या बाटलीवरून बघून भरा. प्लानचा क्रम हप्त्यावर लावू नका, औषधं आणि हप्ता मिळून वर्षाचा खर्च किती यावर लावा. जवळची फार्मसी त्या प्लानच्या पसंतीच्या यादीत आहे का तेही तिथेच दिसतं. अडलंच तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे. फोन करताना मेडिकेअरचं कार्ड आणि औषधांची यादी हाताशी ठेवा, आणि शक्यतो आई-बाबांना शेजारी बसवा, कारण त्यांची परवानगी लागते.