ढोल का सोडला? तुम्ही विचारलंत म्हणून

आझादनगर मेट्रोच्या जिन्यावर, मध्यंतरात चहाच्या रांगेत, आणि एकदा तर चुलतभावाच्या लग्नात हातात अक्षता असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. "ढोल का सोडलास?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "नक्की कुठल्या बाजूचा तू?"

बाजू दोनच. अंधेरीच्या स्टेडियमवर मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल संघाच्या घरच्या सामन्यांना एक ब्लॉक फक्त गाणाऱ्यांसाठी असावा, असं म्हणणारी एक. तिथं नव्वद मिनिटं उभं राहायचं, गळा फाटेस्तोवर गायचं, ज्याला बसायचंय त्याने दुसरीकडचं तिकीट काढायचं. आणि दुसरी बाजू म्हणते, पैसे आम्हीही मोजतो, कधी उठायचं नि कधी बसायचं हे सांगणारे तुम्ही कोण? पोराला घेऊन यावं तर त्याला समोर झेंड्याशिवाय काही दिसत नाही.

आजवर मी "खांदा दुखतो" एवढंच सांगत आलो. खांदा दुखतो, ते खोटं नाही. पण तेवढ्यासाठी कुणी सात वर्षं वाजवलेला ढोल माळ्यावर टाकत नाही. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच पाठवेन.

पहिली गोष्ट, वेगळा ब्लॉक हवा म्हणून सगळ्यात आधी बोंब मारणाऱ्यांत मी होतो. संघ २०१६ मध्ये नेरूळहून अंधेरीला खेळायला आला तेव्हा आम्ही गाणारे दहा-बारा जण, तेही चार ठिकाणी विखुरलेले. मी इथून सुरू करायचो, तिकडून कुणीतरी साथ द्यायचं, आणि दोन ओळींत सगळं फिसकटायचं. लोकांना वाटतं उत्साह कमी पडतो. उत्साहाचा काही संबंध नाही, आवाजाला वेळ लागतो. मैदानाच्या या टोकाचा ठोका त्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाच्या वर जातो. ते लोक तुमच्या ठोक्यावरच टाळी देतात, पण ती तुमच्याकडे परत येते तेव्हा तुम्ही अर्ध्या मात्रेने पुढे गेलेले असता. मग तुम्ही थांबता, ते थांबतात, आणि मध्येच एखादा "चल ना यार" म्हणून ओरडतो, तो मात्र सगळीकडे नीट ऐकू जातो. दोनशे माणसं एकमेकांना चिकटून उभी असली की हे होत नाही. ढोलवाल्याला हे हातातून कळतं, समजावून सांगावं लागत नाही. माझं त्या वेळचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

मग आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो डॉर्टमुंड या जर्मन क्लबचे व्हिडिओ टाकू लागला. पिवळी भिंत, एका स्टँडमध्ये उभे असलेले सुमारे २५ हजार लोक. मीही टाकले. अख्ख्या अंधेरीच्या स्टेडियममध्ये मिळून जेमतेम आठ-नऊ हजार माणसं मावतात, हे तेव्हा कुणी बोललं नाही. बोललं असतं तर आम्ही त्यालाच ग्रुपमधून काढलं असतं, तशीच आमची तेव्हाची तऱ्हा होती.

दुसऱ्या बाजूचे लोक मला ४ जून २०१८ ची आठवण देतात. तीही खरी. त्याआधी तीनच दिवस भारताने चायनीज तैपेईला याच मैदानात ५-० हरवलं होतं आणि बघायला माणसं होती अडीच हजार. मग भारताचा कर्णधार सुनील छेत्रीचा तो व्हिडिओ आला. शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या, असं हात जोडून सांगणारा. केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा. तिकिटं संपली. पाऊस असा की समोरचा गोलपोस्ट पुसट दिसत होता. त्या रात्री ब्लॉक नव्हता, नियम नव्हता, ऑफिसची बॅग डोक्यावर धरून लोक ओरडत होते. भारत ३-० जिंकला. "बघ, झालं की नाही वेगळ्या ब्लॉकशिवाय?" असं ते म्हणतात. झालं. पण सुरुवात कुणी करून दिली? एका कोपऱ्यात गठ्ठ्याने उभ्या असलेल्या पोरांनीच. आणि रोज काही छेत्रीचा शंभरावा सामना नसतो. एरवी थंड पडलेल्या स्टँडमध्ये काय करायचं, याचं उत्तर मला त्या बाजूने अजून मिळालेलं नाही.

असो. आता मूळ गोष्ट.

माझे वडील, आबा, कोल्हापूरचे. शिवाजी पेठ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभ्याने नोकरी केली आणि दोन्ही गुडघे तिथेच ठेवून आले. त्यांचं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, तालमींची नावं आणि तालमींचेच संघ. उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्राची घडी टाकायची आणि बसायचं. गोल झाला की उठायचं, पंच चुकला की उठायचं, एरवी बसून जे बोलायचं ते बोलायचं. मी लहानपणी त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसून बघितलंय. आयएसएलला, म्हणजे आमचा संघ खेळतो त्या इंडियन सुपर लीगला, ते "टीव्हीतला फुटबॉल" म्हणायचे. मला त्यांना एकदा अंधेरीला आणायचं होतं. सामना दाखवायचा होता असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे, मी ढोल वाजवतो ते त्यांनी बघावं, एवढंच होतं.

८ जानेवारी २०२३, रविवार. ते आदल्या रात्री महालक्ष्मीने निघून सकाळी ठाण्याला उतरले. त्या हंगामात आमचा संघ हरायचं विसरला होता, लागोपाठ १८ सामने हरला नाही. त्यात समोर केरला ब्लास्टर्स. म्हणजे पिवळे शर्ट घालून त्यांचे चाहते येणार, मंजप्पडा, आणि आपल्याच घरात आपल्यापेक्षा मोठ्याने गाणार. ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज गेला, 'उद्या आपल्या ब्लॉकमध्ये एकही माणूस बसलेला दिसता कामा नये. बसायचं असेल त्याला नम्रपणे पलीकडे जायला सांगा.' मेसेज मी लिहिला होता. 'नम्रपणे' हा शब्द घातला म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

आबांचं तिकीट मी आमच्याच ब्लॉकचं काढलं. आता विचारू नका. ते ९० मिनिटं उभे राहू शकणार नाहीत हे मला माहीत होतं. माझे वडील म्हटल्यावर चालेल, असं मी धरून चाललो होतो. माझ्या नियमातून मी बाहेर, आणि माझ्याबरोबर माझी माणसंही. असं नियम करणाऱ्याला नेहमीच वाटतं.

त्यांना मी पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीशी सोडलं आणि खाली रेलिंगपाशी ढोल गळ्यात अडकवला. प्लॅस्टिकची खुर्ची असूनही त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून घडी घातली, खुर्चीवर हाताने नीट दाबली. चौथ्याच मिनिटाला पेरेरा डियाझने गोल केला. आदल्या हंगामात तो ब्लास्टर्सकडूनच खेळलेला, त्यामुळे आमच्या लोकांना दुप्पट चेव चढला. आबा उभे राहिले, दोन्ही हात वर. मी बघितलं. मग बसले.

आणि एक पोरगा त्यांच्याकडे गेला. सतरा-अठराचा असेल, नवा होता, आम्ही बापलेक आहोत हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. गाण्यामुळे मला शब्द ऐकू आले नाहीत, पण ऐकू यायची गरजही नव्हती, माझाच मेसेज तो बोलत होता. कमरेत वाकून, हाताने पलीकडची बाजू दाखवत. खरोखरच नम्रपणे. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली माझ्याकडे.

माझे हात चालूच होते. यावर मी खूप विचार केलाय. ढोल थांबला असता तर गाणं पडलं असतं, समोर ते पिवळे लोक, एक तर गोलचं गाणं अर्ध्यावर... हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण दोन ठोके चुकवून एक हात वर करायला, "अरे, राहू दे, माझे वडील आहेत" असं ओठांनी तरी म्हणायला किती वेळ लागतो? त्याऐवजी मी ढोलाकडे बघितलं. जणू काही बघितलंच नाही, असं. आबांनी हवेत हात हलवला. चालू दे, अशा अर्थाने. वर्तमानपत्राची घडी काखेत घातली आणि खुर्च्यांना धरत, एकेक पाऊल टाकत ते स्टँडच्या पार टोकाकडे निघाले. ते अर्ध्या वाटेवर असताना स्टुअर्टने दुसरा गोल केला. सगळे उड्या मारत होते आणि त्या गर्दीत मला फक्त त्यांचं पांढरं डोकं एका जागी थांबलेलं दिसत होतं, लोक शांत व्हायची वाट बघत. मग बिपिनचा तिसरा, मग पुन्हा डियाझ. बावीस मिनिटांत चार गोल. माझ्या आयुष्यातला मी सगळ्यात चांगला ढोल त्या दिवशी वाजवला, असं लोक अजून सांगतात. व्हिडिओ आहेत.

मध्यंतरात गेलो. ते शेवटच्या ब्लॉकमध्ये, घडीवर बसलेले, शेजारच्या एका कुटुंबाने दिलेले शेंगदाणे खात होते.

"आबा, तो पोरगा नवीन आहे. मी बोलतो त्याच्याशी."

"त्याला काय बोलतोस? बरोबर हाय की त्याचं. आमच्यात दुसऱ्या पेठंचा येऊन बसला तर आम्ही ठिवतोय व्हय?"

मग म्हणाले, "पोरं झ्याक गात्यात. हितनं समदं नीट ऐकू येतंय." आणि शेंगदाण्यांचा पुडा माझ्यापुढे केला.

दुसऱ्या पेठंचा. हे ते मुद्दाम म्हणाले की सहज, ते मी अजून विचारलेलं नाही. पण त्यांच्या त्या एका वाक्याने माझी दोन्हीकडून पंचाईत केली. मी आजवर ग्रुपवर भांडताना शाहू स्टेडियमचा दाखला द्यायचो, बघा, तिथं कुठला ब्लॉक नाही, नियम नाही, सगळं आपोआप होतं. आपोआप म्हणजे पेठेपेठेने. कुणी कुठं बसायचं ते तिथं जन्मतःच ठरलेलं, म्हणून पाटी लावावी लागत नाही. त्यातून कधी कधी डोकी फुटतात, तेही आपोआपच. मुंबईत आम्हाला पेठ नाही. कुणी वसईचा, कुणी चेंबूरचा, कुणी कामासाठी पुण्याहून आलेला. आम्ही ब्लॉक मागत होतो तेव्हा बहुतेक पेठच मागत होतो. आणि पेठ म्हटली की तिला वेस आली, वेशीबाहेर कुणीतरी आलं.

त्या हंगामात पुढचे काही सामने मी वाजवलं. मग खांदा दुखायला लागला. खरंच.

म्हणजे मी आता ब्लॉकच्या विरोधात आहे का? इथे 'हो' म्हटलं की काही लोक खूश होतील, पण तेही जमत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीचा अल-हिलाल क्लब आमच्याविरुद्ध इथे खेळायला आला, डी. वाय. पाटीलला. त्यांचा ब्राझिलियन स्टार नेमार दुखापतीमुळे आलाच नाही, तरी त्याच्या नावाचे शर्ट घालून लोक लोटले होते. मी पहिल्यांदाच बसून बघत होतो. एवढं मोठं स्टेडियम आणि माझ्या आजूबाजूला सगळे फोन वर धरून. आपल्या संघासाठी म्हणून जो आवाज माझ्यापर्यंत येत होता तो एकाच गठ्ठ्यातून. ०-२ हरलो, तरी तो गठ्ठा गात होता. मला वाटलं, ही पोरं इथे विखरून बसवली असती तर आज आपण परक्या गावी खेळतोय असंच वाटलं असतं. आणि गोव्यात फातोर्ड्याला झालेला आयएसएलचा २०२१ चा अंतिम सामना आठवा. कोविडमुळे एकही प्रेक्षक नाही, बिपिनने ९० व्या मिनिटाला गोल मारून पहिला चषक मिळवून दिला, आणि खेळाडूंच्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या. तो चषक आपला आहे हे मला माहीत आहे, पण तो मिळाल्याचं अजून वाटत नाही.

२०१६ मधला मी आज भेटला तर मला म्हणेल, एक म्हातारा माणूस पन्नास-साठ पावलं चालला म्हणून तू अख्खी चळवळ मोडीत काढणार? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला फक्त एवढंच विचारेन की तू त्या वेळी खाली का बघितलंस. त्यालाही उत्तर नसेल, कारण तो तेव्हा अजून तिथे पोहोचलेला नसेल.

काही जण तोडगे सुचवतात. पुढच्या रांगा उभ्या, मागच्या बसलेल्या. किंवा कडेच्या दोन रांगा 'गाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी'. चांगलं आहे, करून बघा. त्यातही रांग कुठून सुरू होते ते कुणीतरी वाकून, नम्रपणे सांगायला लागेलच. मला त्या कमिटीत घेऊ नका. ढोल हवा असेल तर घेऊन जा, कातडं बदलावं लागेल.

परवा कोल्हापूरला फोन केला. आबांनी आधी तिकडच्या लीगचं सगळं सांगितलं, पंच कसा आंधळा होता ते दोनदा. मग म्हणाले, "तुमची ती पोरं गात्यात न्हवं अजून?"

"गातात."

"मग तू का न्हाईस त्यांच्यात?"

"खांदा दुखतो, आबा."

"तीळतेल गरम करून लाव," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.