यंदा भेटलेले नवे लेखक, बरेचसे जुनेच

डिसेंबर लागला की आमच्याकडे दोन गोष्टींना ऊत येतो. शेताशेतात भरिताच्या पार्ट्या आणि मोबाइलवर ‘यंदा काय वाचलं’च्या याद्या. भरिताला मी कधी नाही म्हणत नाही. यादीचं मात्र या खेपेला जरा अवघड झालं. ‘या वर्षी नव्याने भेटलेले लेखक’ असं वर लिहून खाली नावं मांडली, तर पहिली दोन्ही नावं हयात नसलेल्या माणसांची. नंदा खरे 2022 मध्ये गेले, जयंत पवार 2021 मध्ये. मला दोघंही यंदा भेटले.

एका मैत्रिणीने यादी बघून विचारलं, ‘हे कसले गं नवीन?’ मी म्हटलं, तू खानदेशात राहून असं विचारतेस? बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तक होऊन आली 1952 मध्ये. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, वही अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, आणि महाराष्ट्राला नवी कवयित्री मिळाली. तोवर असोद्याची ती लेक सत्तरी पार करून निघून गेली होती. त्यामुळे लेखकाची जन्मतारीख आणि तो ‘नवीन’ असणं, यांचा संबंध मी तरी लावत नाही.

नंदा खरे मी वाचले ते भर मे महिन्यात. भुसावळचा मे ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. दुपारी बाराला रस्ते ओस, कूलरमध्ये दर दोन तासांनी पाणी, आणि लाइट गेली की पुस्तकाचाच पंखा. अशा दिवसांत मी ‘अंताजीची बखर’ हातात घेतली. मला ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एरवी कंटाळा आहे. तलवारी चमकतात, घोडे खिंकाळतात, आणि प्रत्येक माणूस पुतळ्यासारखा बोलतो. अंताजी तसा नाही. तो नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांच्या काळातला, प्लासीच्या आसपासचा माणूस. आणि मोठी माणसं इतिहास घडवत असताना हा बाजूला उभा राहून कोणाचा पगार थकला, कोण कोणाला फसवतंय, ते बघतो. भाषा बखरीची, पण नजर तिरकस. लाइट आल्याचं मला दोनदा शेजारणीने सांगितलं.

मग त्यांची ‘उद्या’ मागवली. ती पुढच्या काळातली गोष्ट, माणसांवरच्या पाळतीची, आणि ती वाचताना मला पहिल्या पुस्तकाइतकी मजा आली नाही हे सांगून टाकते. महत्त्वाचं पुस्तक आहे यात शंका नाही. साहित्य अकादमीने 2020 चा पुरस्कार दिला आणि खऱ्यांनी तो घेतला नाही. समाजाने आपल्याला पुष्कळ दिलंय, म्हणून पुरस्कार घेणं आधीच थांबवलंय, असं त्यांचं म्हणणं. पण माझं मन अंताजीपाशीच अडकलं. लोक मोठ्या पुस्तकाला आवडतं पुस्तक म्हणतात तेव्हा मला नेहमी थोडा संशय येतो.

जयंत पवारांचं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हे कथांचं पुस्तक. गिरणगाव मुंबईचं, मी खानदेशची, पण आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. आजी मिलच्या भोंग्यावर डाळ चुलीवरून उतरवायची. म्हणून मिल बंद पडलेल्या घरांत काय होतं, हे मला त्या कथांतून नव्याने कळलं असं नाही. कळलं ते हे की त्यावर रडगाणं न गाता लिहिता येतं. पवारांच्या कथेत हसू येतं, आणि कशावर हसलो हे लक्षात आलं की पान उलटायला जरा वेळ लागतो. पुस्तक संपल्यावर मी मामाला फोन करून मिलच्या चाळीतल्या माणसांची नावं विचारली. तासभर बोलत होता.

जुन्यांपैकी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पुन्हा वाचली, 1963 ची. कॉलेजात वाचली तेव्हा पुण्यातल्या हॉस्टेलची पानं पाठ होती. आता ती पानं भराभर उलटली आणि मनीच्या मरणापाशी थांबले. नेमाड्यांचं गाव सांगवी इथून काही लांब नाही, तिकडच्या केळीच्या बागांतून जाणं-येणं असतं. एवढं जवळचं गाव असून कादंबरीतलं ते घर मला या वयात पहिल्यांदा दिसलं. बाकी नेमाड्यांवर आमच्याकडे भांडायला माणसं पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही.

सासूबाईंमुळे एक पुस्तक यादीत आलं. त्या धुळ्याच्या. मी वाचत बसले की त्यांचं ठरलेलं, ‘इतलं काय वाचस व माय?’ एक दिवस मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय वाचू. त्यांनी देवघराच्या फळीवरून ‘गीता प्रवचने’ काढून दिली. हळद-कुंकवाने कव्हर लाल झालेलं. हे पुस्तक घराघरात असतं आणि म्हणूनच बहुधा कोणी उघडत नाही. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेका अध्यायावर बोलत, समोर कैदी बसलेले, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. हे माहीत असून वाचताना आश्चर्य वाटलंच. समोर पंडित नाहीत याची विनोबांना पक्की जाणीव आहे. त्यामुळे बोलणं घरातलं, शेतातलं. गुरुजींचा हात किती वेगाने चालत असेल, या विचाराने मी अधूनमधून वाचन थांबवायची. सासूबाईंना रोज चार पानं वाचून दाखवली. त्या मध्येच ‘हाई बराबर से’ म्हणायच्या. बरोबर नसेल तेव्हा गप्प.

आता शेवटचं नाव, आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

नंदुरबारला नणंद असते म्हणून भुसावळ-सुरत लाइनवर माझं जाणं होतं. या लाइनवर आधी भादली लागतं, जिथे 1918 मध्ये बालकवी गाडीखाली गेले, आणि जळगाव ओलांडल्यावर धरणगाव, जिथे ते 1890 मध्ये जन्मले. म्हणजे आमच्या बाजूने निघालं की मरण आधी आणि जन्म नंतर. हे मी प्रत्येक खेपेला सोबतच्या माणसाला सांगते. या वेळी शेजारी शहादा तालुक्यातल्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, आमच्याकडचे वाहरू सोनवणे वाचलेत का?’

नव्हते वाचले. बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी, नेमाडे; खानदेश म्हटलं की प्रत्येक भाषणात हीच नावं येतात, आणि गाडी अमळनेरच्या पलीकडे जातच नाही. सोनवणे भिल्ल समाजातले, आदिवासी चळवळीतले कार्यकर्ते. ‘गोधड’ हा त्यांचा 1987 चा संग्रह. बाईंनी मोबाइलवर ‘स्टेज’ ही कविता काढून दिली. छोटीशीच. आम्हाला स्टेजवर कोणी बोलावलं नाही, बोटाने जागा दाखवली तिथे आम्ही बसलो, आणि वर उभे असलेले आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, असं काहीसं तीत आहे. मला फेब्रुवारी 2024 चं अमळनेर आठवलं. सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन होतं, मी मांडवात होते, पुढची रांग मिळाली म्हणून खूष होते. त्याच दिवसांत गावात त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही संमेलनही चाललं होतं, तिकडे मी फिरकले नाही. दोंडाईचा आलं तरी मी तीच कविता वाचत होते.

‘गोधड’ इथे मिळेना. एका वाचनालयात विचारलं तर त्यांनी मला शिवणकामाच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाठवलं. शेवटी बाईंनीच आपल्या प्रतीतली पानं फोटो काढून पाठवली, रोज दोन-तीन. मी त्या बदल्यात त्यांना कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ धाडली. धरणामुळे उठवलेल्या गावाची गोष्ट. मागे राहिलेल्या म्हशीसाठी देवाप्पा परत जंगलात जातो. मला ती आवडली होती, पण जरा ताणलेली वाटली होती. एका म्हशीसाठी एवढं? बाईंच्या शाळेत सरदार सरोवरातून उठून आलेल्या घरांतली मुलं आहेत. त्यांनी पुस्तक वाचून एका विद्यार्थ्याच्या वडिलांना दिलं. आठ दिवसांनी निरोप आला: म्हशीचं बरोबर आहे, पण आमची कुत्रीही मागे राहिली होती, त्यांचं यात काही आलं नाही.

पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. बाईंना मी सांगितलंय, परत मागू नका.