लाकडी टगबोटींचे कष्ट आणि शेवट

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांपैकी ह्युरॉन आणि ईरी यांना जोडणाऱ्या सेंट क्लेअर व डेट्रॉईट नद्यांत शिडांची जहाजे वारा पडला की अडकून पडत. तेव्हा त्यांना पुढे नेण्याचे काम वाफेवर चालणाऱ्या लाकडी टगबोटी करीत. १८६८ मध्ये डेट्रॉईटला बांधलेल्या ‘चॅम्पियन’ या टगबोटीचे आठ जहाजे ओढतानाचे चित्र प्रसिद्ध आहे, आणि ते पाहताना मला त्या एवढ्याशा बोटीविषयी मनापासून आदर वाटतो.

या कामातला धोका मात्र त्या चित्रात दिसत नाही. दोरखंड बांधण्याचा खांब बोटीच्या अगदी टोकाशी नसून बराच मध्याकडे असे, कारण त्यामुळेच मागचा भाग मोकळा राहून बोट वळू शके. पण मागचे जहाज भरकटून बाजूला गेले, तर तोच ताणलेला दोर टगबोटीला आडवे खेचून क्षणार्धात उलटवू शके. दोर वेळीच सोडणे किंवा कुऱ्हाडीने तोडणे, एवढाच उपाय उरे.

याखेरीज आग, बॉयलरचे स्फोट आणि फळ्या कापणारा बर्फ होताच. म्हातारी झालेली बोट धक्क्यालाच बुडे: सांधे सैल होत, पाणी झिरपे, ते भट्टीपर्यंत चढून आग विझली की वाफेवरचे पंपही बंद पडत.

सरोवरांच्या थंड, गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे नसल्याने असे सांगाडे शतकभर टिकले आहेत. आता त्यांच्यावर झेब्रा शिंपल्यांचे थर चढत आहेत, म्हणून त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे लवकर घेतली जावीत, असे मला तळमळीने वाटते.