पुणे–नागपूर विमानाने: ‘४५ मिनिटां’वर विसंबू नका

काल मध्यरात्री परतलोय, डोळे अजून चुरचुरताहेत, पण हे आजच लिहितो.

‘पुणे ते नागपूर ६०५ किलोमीटर, उड्डाण ४५ मिनिटं’ असं नेटवर वाचलं. तिकीट भावाने काढलं होतं, त्यावरची पोचायची वेळ मी पाहिलीच नाही. विमान सव्वादोनचं, साखरपुडा साडेचारचा. आरामात पोचू असं धरून चाललो. कोथरूडचं घर साडेअकराला सोडलं आणि धरमपेठेतल्या हॉलमध्ये पाय ठेवला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगठ्या घालून झाल्या होत्या. मामेभावाचा साखरपुडा हुकला, याचं फार वाईट वाटतंय.

ते ४५ मिनिटं म्हणजे निव्वळ भागाकार आहे: सरळ रेषेतलं अंतर भागिले ताशी ८०० किलोमीटर. विमानाला धावपट्टीपर्यंत जायला, वर चढायला, खाली उतरायला वेळ लागतो, तो त्यात नाहीच. तिकिटावरच्या दोन वेळांमधला साधारण दीड तास हाच खरा. शिवाय पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ आहे, लढाऊ विमानंही तीच धावपट्टी वापरतात. आम्ही पट्टे बांधून पंचवीस मिनिटं जागेवरच होतो.

पण खरा घात झाला तो जमिनीवर. पहिल्या टॅक्सीवाल्याने ‘कॅश का ऑनलाइन?’ विचारून ट्रिप रद्द केली. दुसरा आला, पण कर्वे रस्ता, बंडगार्डन, येरवडा करत विमानतळ गाठायला दीड तास गेला. बॅगा घेणारा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. माझ्या हातात दहा मिनिटं उरली होती. कोथरूडकरांनो, दिवसा या रस्त्याने जाऊच नका. वनाझहून मेट्रोने रामवाडी गाठा, पुढे चार-पाच किलोमीटर रिक्षा. माझी मुलगी रोज कामाला त्याच मेट्रोने जाते. चाळीस मिनिटांच्या आत रामवाडीला असते. मी तिचं ऐकायला हवं होतं.

नागपुरातले दोन दिवस मजेत गेले.

परतीला पुन्हा तेच. मध्यरात्री बॅगा ओढत एरोमॉलपर्यंत (पुणे विमानतळाची पार्किंगची इमारत, अ‍ॅपच्या टॅक्सी तिथूनच मिळतात) चाललो. अ‍ॅपवर भाडं ५२०, ड्रायव्हर म्हणाला ९०० रोख, नाहीतर उतरा. मेट्रो बंद, सोबत आई. ८०० दिले. ही सरळ लूट आहे. रात्रीचं विमान असेल तर घरच्या कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा.

रेल्वेचं विचाराल तर दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा पडतो. नागपुरातल्या अजनी स्टेशनची वंदे भारतसुद्धा ८८१ किलोमीटरला बारा तास घेते. त्यामुळे विमानच घ्या, पण कोथरूड ते धरमपेठ सहा तास धरा. आणि त्याच दिवशी कार्य असेल तर सकाळचं पहिलं विमान, नाहीतर आदल्या दिवशीच निघा.