मुंबईची सोप्रानो

पॅट्रिशिया रोझारिओ यांचे नाव युरोपातल्या रसिकांना जितके परिचित आहे तितके ते आपल्याकडे नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कारण १९६० साली मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकून तिथले सुवर्णपदक मिळवणाऱ्या या सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाच्या, गायिकेने अठराव्या शतकातल्या हायडनपासून आपल्या काळातल्या रचनाकारांपर्यंत जो पल्ला गाठला, तो फार थोड्यांना साधतो.

ट्रेव्हर पिनॉक यांच्या इंग्लिश कॉन्सर्ट या जुन्या घडणीची वाद्ये वाजवणाऱ्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले हायडनचे ‘स्टाबाट माटेर’ हे ख्रिस्ती स्तोत्र आवर्जून ऐकावे. अशा वाद्यांचा नाद मुळात हलका, त्यामुळे तिथे आवाज चढवून चालत नाही, आणि रोझारिओ तो कुठेही चढवत नाहीत.

मात्र त्यांची खरी ओळख घडली ती जॉन टॅव्हनर या ब्रिटिश रचनाकाराच्या संगीतातून. इंग्लंडमधल्या ऑल्डबरा संगीत महोत्सवात १९९२ मध्ये ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात त्यांनी मेरीची भूमिका केली आणि पुढे या रचनाकाराने त्यांचाच आवाज कानात ठेवून तीसहून अधिक रचना लिहिल्या. टॅव्हनर यांनी ऑर्थोडॉक्स हा पूर्वेकडचा ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता आणि त्या पंथाच्या बायझंटाइन स्तोत्रगायनाची दाट छाया त्यांच्या संगीतावर आहे. लय अतिशय संथ. वरच्या सप्तकातला स्वर हलक्या आवाजात दीर्घकाळ धरायचा आणि तिथून मींड घेतल्यासारखे अलगद खाली यायचे. अशा जागी श्वास किंचित डगमगला तरी स्वर उतरतो, हे तार षड्जावर ठहराव करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. ब्रिटनच्या युवराज्ञी डायना यांच्या स्मृतीला अर्पण केलेली ‘इटर्निटीज सनराइज’ ही रचना इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या काव्यावर आधारलेली असून ती अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक या वाद्यवृंदाच्या जुन्या वाद्यांसाठी लिहिलेली आहे. हायडन गाताना कमावलेला संयम इथे नव्या संगीताच्या कामी आला, असे मला ती ऐकताना नेहमी जाणवते. २००३ मध्ये लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये रात्रभर, सुमारे सात तास चाललेल्या टॅव्हनर यांच्या ‘द व्हेल ऑफ द टेम्पल’मध्येही त्या गायल्या. एस्टोनियाचे रचनाकार आर्वो पेर्ट यांच्या रचनाही त्यांनी गायल्या आहेत. २००१ मध्ये त्यांना ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

त्यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र आपल्या भूमीवरचे आहे. पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवत असतानाच मुंबई, गोवा आणि इतर ठिकाणच्या तरुण गायकांना त्या शिकवू लागल्या. चर्चच्या किंवा शाळेच्या गायनवृंदात चांगला गाणारा मुलगा किंवा मुलगी पुढे ऑपेरा शिकू म्हणाली, तर आपल्याकडे आवाजाची पद्धतशीर घडण करणारे शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. रोझारिओ यांनी अशाच मुलामुलींना हाताशी धरले.