फायनलच्या दिवशीचा पाऊस

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी ग्राउंड स्टाफमध्ये आहे, म्हणजे पाऊस आला की टीव्हीवर कव्हर्स घेऊन पळताना दिसतात ना, त्यातलाच एक. 2 नोव्हेंबर 2025, महिला वर्ल्ड कपची फायनल, मॅच दुपारी 3 ला आणि नेमका पाऊस. बरं 26 ऑक्टोबरची बांगलादेशची मॅच इथेच पावसात वाहून गेलेली, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा.

लोकांना वाटतं कव्हर टाकलं की झालं. अहो खरी कसोटी काढताना, वर साचलेलं पाणी स्क्वेअरपासून (मधली पिचेसची चौकोनी जागा) लांब नेऊन आउटफील्डवर ओतायचं, एक कोपरा जरी हातातून सुटला तरी बॉलरच्या रनअपवर तळं, मग अंपायर येऊन बुटाने दाबून बघणार आणि अजून उशीर. ओतलेलं पाणी सुपर सॉपर (स्पंजच्या रोलरचं पाणी शोषणारं मशीन) ओढून घेतो, उरलेलं खाली मुरतं, पण जमीन मोकळी असेल तरच मुरतं.

आणि इथली जमीन मोकळी राहू देतंय कोण! 2008 ला पहिल्या आयपीएलची फायनल इथे, 2017 च्या मे मध्ये जस्टिन बीबर, लगेच ऑक्टोबरमध्ये अंडर-17 फुटबॉल वर्ल्ड कप, 2019 ला यू2 बँडची कॉन्सर्ट, आणि 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे 3 शो. फुटबॉलला मधलं कडक पिच चालत नाही, तिथेही गवत लागतं. पण कॉन्सर्ट म्हणजे डोक्याला ताप (गाणी मलापण आवडतात, तो विषय वेगळा), गवतावर फ्लोअरिंग टाकलं की उजेड बंद, गवत पिवळं, त्यात स्टेजचं वजन आणि वर हजारो माणसं उड्या मारणार, माती दबून घट्ट होते, मग मशीनने भोकं पाडा, वाळू भरा, पाणी द्या. हे सगळं कुणी बघत नाही, कळतं ते असा पाऊस पडला की.

साडेचारच्या सुमाराला टॉस झाला, 5 ला पहिला बॉल, आणि एक ओव्हरसुद्धा कमी झाली नाही!! शफालीच्या 87 रन्स, दीप्तीच्या 5 विकेट्स, सगळं अर्धं मॅचकडे अर्धं आभाळाकडे बघत पाहिलं. 52 रन्सनी जिंकलो, अख्खं स्टेडियम नाचतंय आणि आम्ही बक्षीस समारंभाचं सामान आत आणणाऱ्या पोरांवर ओरडतोय, अरे दादा पिचवरून नको, बाजूने ने!