दादाचा निळा पासपोर्ट आणि घोडबंदर रोडवरचा हिशोब

अमेरिकन पासपोर्टवाला माझा दादा ठाण्यात येऊन राहिला, ऐरोलीत नोकरी करतो, पगार रुपयात, टीडीएस इथेच कापला जातो, तरी त्याला दरवर्षी अमेरिकेचा रिटर्न भरावाच लागतो, हे नातेवाईकांना सांगून सांगून मी दमले. आमचे काका दर गणपतीत विचारतात, "अगं, तो आता इथलाच झाला ना, मग त्यांचा काय संबंध?" आहे ना संबंध. जवळपास सगळे देश तुम्ही राहता कुठे ते बघून टॅक्स लावतात, अमेरिका नागरिकत्व बघून लावते, आणि असं करणारा दुसरा देश म्हणून नाव निघतं ते इरिट्रियाचं. हे काही आत्ताचं खूळ पण नाही, १९२४ मध्येच तिथल्या सुप्रीम कोर्टाने मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या केसमध्ये सांगून टाकलंय की नागरिक कुठेही राहो, त्याच्या कमाईवर टॅक्स लावता येतो.

आता गंमत अशी की दादाला तिथे प्रत्यक्षात सहसा काहीच भरावं लागत नाही. इथे ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जो टॅक्स जातो त्याचं क्रेडिट तिथे मिळतं, म्हणजे तिथल्या टॅक्समधून तो वजा होतो, त्यासाठी फॉर्म १११६. दुसरा रस्ता म्हणजे फॉर्म २५५५ भरून परदेशातली कमाई वगळणे, २०२५ साठी त्याची मर्यादा १,३०,००० डॉलर आहे, पण त्यात फक्त कष्टाची कमाई येते, एफडीचं व्याज, भाडं, डिव्हिडंड नाही. आणि दोन्हीही रिटर्न भरला तरच. लोक इथेच फसतात, टॅक्स शून्य म्हणजे रिटर्न पण नको असं धरून चालतात. वहिनी भारतीय नागरिक आहे त्यामुळे दादा "विवाहित पण वेगळा रिटर्न" या खान्यात भरतो, आणि या खान्यात किती कमाईपासून रिटर्न भरावाच लागतो माहितीये? ५ डॉलर. वर्षाला! गावदेवी मार्केटमध्ये एका वेळची भाजी त्याच्यापेक्षा महाग पडते.

मधे दादाच्या डोक्यात नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग करायचं आलं होतं, तेव्हा अजून एक कळलं. स्वतःचा धंदा असेल तर ४०० डॉलर नफ्यापासूनच तिकडचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे सोशल सिक्युरिटीसाठी (तिकडची सरकारी पेन्शन वगैरे) घेतात तो, लागतो, १५.३ टक्के, आणि भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नसल्यामुळे तो ना क्रेडिटने जातो ना कमाई वगळून. नोकरी चालू आहे अजून.

पण खरी डोकेदुखी टॅक्सची नाहीच, खात्यांची आहे. एफबार नावाचा एक वेगळाच फॉर्म असतो, परदेशातली खाती कळवायचा, तो रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन म्हणून वेगळा विभाग आहे अमेरिकन सरकारचा, तिथे ऑनलाइन भरायचा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण नऊ लाख रुपयांच्या आसपास, की सगळी खाती दाखवायची, ज्यात पाचशे रुपये पडलेत ते पण. आता मध्यमवर्गीय मराठी घरात खाती कशी असतात सांगायला नको. आईने नौपाड्यातल्या बँकेत स्वतःच्या एफडीला दादाचं नाव जोडलंय, का तर "उद्या मला काही झालं तर", पैसे सगळे आईचे, पण एफबारमध्ये पूर्ण रक्कम दिसणार. भाचीचा जन्म तिकडचा, तिच्या नावाने आजीने बारशाच्या पाकिटांची एफडी केली, ती मर्यादेवर गेली की लहान मुलीचा पण एफबार, सही आईबापाची. फक्त वहिनीच्या एकटीच्या नावावरचं सोडून द्यायचं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे सोसायटी. दादा हिशोबात पक्का म्हणून एजीएममध्ये लोकांनी त्याला खजिनदार करायचं ठरवलं, मी म्हटलं थांब. कारण एफबारला पैसे तुमचे असायची गरजच नाही, चेकवर सही करायचा अधिकार असला तरी पुरे. म्हणजे आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीचा सिंकिंग फंड, लिफ्टचा फंड, सगळं अमेरिकन सरकारला कळवायचं. त्यावर टॅक्स वगैरे काही नाही, नुसतं कळवायचं, पण हे कमिटीला सांगितल्यावर सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा होता. शेवटी सहीचा अधिकार दुसऱ्या दोघांना दिला, दादा नुसता एक्सेल सांभाळतो.

"न सांगितलं तर कोणाला कळणार" हा आपला आवडता प्रश्न. २०१५ च्या जुलैमध्ये भारताने अमेरिकेशी फॅटकाचा (अमेरिकन लोकांची परदेशी खाती कळवायला लावणारा त्यांचा कायदा) करार केला, तेव्हापासून बँका अशी खाती आपल्या इन्कम टॅक्सला कळवतात आणि तिथून माहिती पुढे जाते. बँक आणि म्युच्युअल फंडवाले ते डिक्लेरेशन सही करून घेतात ना, जे आपण न वाचता करतो, ते हेच. म्युच्युअल फंडावरून आठवलं, आपली साधी एसआयपी त्यांच्या लेखी पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, त्यावरचा हिशोब इतका किचकट आणि टॅक्स इतका कडक की दादाने बंदच केल्या. माझ्या मते हा नियम सरळ अन्याय आहे, पण असो.

दंडाचं म्हणाल तर बिटनर नावाच्या रोमेनियात राहिलेल्या अमेरिकन माणसाला एफबार वेळेवर न भरल्याबद्दल २७२ खात्यांवर २७ लाख २० हजार डॉलर लावले होते. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने, तेही ५ विरुद्ध ४ ने, सांगितलं की मुद्दाम केलं नसेल तर दंड खात्यामागे नाही, न भरलेल्या वार्षिक फॉर्ममागे, आणि आकडा ५०,००० वर आला.

ज्यांनी कधीच भरलं नाही, आणि हिरानंदानी इस्टेटमध्ये असे बरेच असणार, त्यांनी स्ट्रीमलाइन्डबद्दल विचारा, राहिलेलं उशिरा भरून नियमात यायची ही अमेरिकेची योजना. मुद्दाम लपवलं नव्हतं असं लिहून द्यायचं, मागच्या ३ वर्षांचे रिटर्न, ६ वर्षांचे एफबार, बाहेर राहणाऱ्याला दंड नाही, टॅक्स निघाला तर तो आणि व्याज. मात्र अमेरिकन टॅक्सवाल्यांनी आधी चौकशी सुरू केली की हा रस्ता बंद. तारखा: बाहेर राहणाऱ्यांना रिटर्नला आपोआप १५ जून, मागून घेतली तर १५ ऑक्टोबर, पण टॅक्स निघत असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच. एफबारला १५ ऑक्टोबर न मागता मिळते. आणि फॉर्म १६ घेऊन जाऊ नका, तो एप्रिल ते मार्च असतो, त्यांना जानेवारी ते डिसेंबर लागतं, सॅलरी स्लिपा जपून ठेवा.